खिशाचं बटण

मेश्राम मॅडम,

शोकसभेत मी बोलले नाही. हेडसरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. शिपाई शेवंताबाईंनी माझ्यापुढं पाण्याचा ग्लास आणून ठेवला, म्हणजे आता भोयर मॅडम उठणार असं सगळ्यांनीच धरलं होतं. धरणारच. तेरा वर्षं स्टाफरूममध्ये तुमची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून होती. पण मी उठले नाही. अर्ध्या तासात तुम्हाला कुणी माउली केलं, कुणी करुणेची मूर्ती केलं, आणि ज्या क्रीडाशिक्षकांनी तुमच्या खोलीत लेझीमची पोती आणि फुटक्या कॅरमबोर्डांची थप्पी रचून ठेवली होती, त्यांनी तर भर सभेत डोळे पुसले. मला ते सहन होईना. गेलेल्या माणसाबद्दल चारचौघांत चांगलंच बोलायचं असतं, एवढं मलाही कळतं. माझ्याजवळ तसं काही नव्हतं, म्हणून गप्प बसले.

तुम्ही जाऊन आता सतरा दिवस झाले. भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुमची सवय जुनीच. घंटा झाली की "येते मॅडम, पोट्टे थांबून राहिले" असं म्हणून तुम्ही निघायच्या आणि माझं वाक्य तोंडातच राहायचं. या वेळी तर तुम्ही घंटेचीही वाट पाहिली नाही. पण माझं बोलणं व्हायचं आहे, आणि ते तुम्हाला ऐकावं लागणार आहे.

तुम्ही शाळेत आलात तेव्हा समुपदेशक म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. वरून आदेश आला होता, जागा भरायची होती, तुमच्या नावानं ती भरली. जिन्याखालची खोली तुम्हाला दिली. खिडकी नाही, पंखा एक, तोही मनात आलं तर फिरायचा. एप्रिलमध्ये तिथं बसणं म्हणजे भट्टीत बसणं. तुम्ही तक्रार केली नाहीत, आणि मला तेव्हाच तुमचा पहिला राग आला. तक्रार न करणाऱ्या माणसांमुळे बाकीच्यांच्या तक्रारींना कुणी विचारत नाही, असं माझं मत होतं आणि अजून आहे.

वर्षभर तुमच्याकडे कुणी फिरकलं नाही. सातवीतली एक मुलगी आली होती. तिला तुमच्या खोलीतून बाहेर पडताना पोरांनी पाहिलं आणि आठवडाभर "मेंटल, मेंटल" करून तिला रडवलं. त्यानंतर खोलीत तुम्ही आणि लेझीम. मग दुसऱ्या वर्षी तुम्ही बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आलात. त्यात सुया, पांढरा दोरा, बटणं. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर सांगितलंत, "कोणाचं बटन तुटलं असन तं माह्याकडे या. मी लावून देईन."

स्टाफरूममध्ये आम्ही हसलो. मी सगळ्यांत मोठ्यानं. 'हुद्दा समुपदेशकाचा आणि काम शिंप्याचं' हे वाक्य माझंच, आणि ते तुमच्या कानावर जाईल अशा बेतानं मी म्हटलं होतं. तुम्ही चहात बिस्कीट बुडवत होतात. "मले शिवणं आवडते मॅडम," एवढंच म्हणालात.

तुमची ती भाषाही मला खटकायची. शिक्षिकेनं मुलांसमोर नीट मराठी बोलावं, असं मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. मी स्वतः उमरेडची, माझ्या माहेरी सगळे असंच बोलतात, पण शाळेच्या फाटकातून आत येताना मी ती बोली बाहेर ठेवून येते. तुम्ही ठेवली नाहीत. "मॅडम, त्याईनं माह्यासंग बोलाव असं वाटते न मले," म्हणायच्या. आणि खरोखर पोरं तुमच्याशी बोलायची, याचाही मला राग होता.

पण माझा खरा राग एका वाक्यावर आहे. 'कारण माह्याजवळ आहे.' हे वाक्य तुमच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. शिस्त समिती माझ्याकडे. सकाळी फाटकाशी मी उभी. उशिरा आलेला, नखं वाढलेली, बूट मळके, बटण नाही, सगळे माझ्या रांगेत. आठवीतला एक मुलगा महिनाभर रोज वीस मिनिटं उशिरा यायचा. मी त्याला रोज पायरीवर उभा करायची. एक दिवस तुम्ही आलात आणि म्हणालात, "मॅडम, याले थोडे दिवस उशिरा येऊ द्या."

"कारण?"

"कारण माह्याजवळ आहे."

"तुमच्याजवळ असून काय उपयोग? शिस्त मी पाहते. मला सांगा."

"सांगता नाई येत न मॅडम. त्यानं मले सांगितलं, तुमाले नाई."

मी ऐकलं नाही. तो पायरीवर उभा राहत गेला. आठवड्यानं तो वेळेवर यायला लागला आणि मला वाटलं, पाहा, माझा उपाय लागू पडला. परवा शोकसभेत तोच मुलगा उठून बोलला. आता चांगला बाप्या झाला आहे, दाढी ठेवली आहे. त्याचा बाप बुटीबोरीच्या सूतगिरणीत रात्रपाळी करायचा, आई घर सोडून गेली होती, आणि हा लहान बहिणीला पोळ्या करून घालून, तिला अंगणवाडीत सोडून मग शाळेत यायचा. तुम्ही बुटीबोरीला गेलात. सकाळी पाळी सुटायच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहिलात आणि त्याच्या बापाशी बोलून त्याची पाळी बदलून घ्यायला लावलीत. हे तो सगळ्यांसमोर सांगत होता आणि सांगता सांगता माझ्याकडे बघून हसला. "भोयर मॅडम मले पायरीवर उभं ठेवायच्या," म्हणाला. त्याच्या हसण्यात खोट नव्हती. सभा हसली, आणि मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिले.

एक शब्द मॅडम. 'बहीण लहान आहे' एवढं जरी तुम्ही म्हणाला असता. मी काय राक्षसीण होते?

असो. मी बटणांवर येते, कारण माझं खरं भांडण तिथं आहे.

आपल्या गणवेशाच्या शर्टाला एक खिसा, खिशावर झाकण, झाकणाला एक बटण. ते बटण तुटायला लागलं. आज एकाचं, उद्या तिघांचं. मी तपासणी कडक केली. बटण नसलं की मैदानाला दोन फेऱ्या आणि मग 'जा मेश्राम मॅडमकडे, लावून घे.' तरी तुटायचीच. मी गणवेश शिवणाऱ्या शिंप्याला लेखी तक्रार केली. तो नंदनवनातल्या त्याच्या दुकानातून स्वतः आला, दहाबारा मुलांना ओळीत उभं करून त्यांचे शर्ट तपासले आणि म्हणाला, "मॅडम, बाकीची बटनं तशीच्या तशी हायेत. खिशाचंच काहून तुटते, तुमीच सांगा."

गणित शिकवते मी. एका शर्टाची सगळी बटणं शाबूत आणि एकच रोज तुटतं, एवढ्यावरून कुणीही दोन पावलं पुढं जाऊन विचार केला असता. मी शिंपी बदलला.

नव्या शिंप्याच्या शर्टांचीही तुटली. तेव्हा मी शिक्षकांच्या बैठकीत ठराव मांडला, की पुढच्या वर्षीपासून खिशाला बटणच नको. पोरांच्या सँडलला असते तशी चिकटणारी पट्टी लावा, म्हणजे कटकट मिटली. सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडसर लिहून घेत होते. आणि तुम्ही उठून उभ्या राहिलात. सहा वर्षांत बैठकीत तुमचा आवाज मी ऐकला नव्हता.

"नाई सर. बटनच राहू द्या."

"का हो? पट्टीत वाईट काय आहे?"

"पट्टी नाई चालत सर. बटनच पायजे."

"पण कारण काय, मॅडम?" हे मी विचारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीचं वाक्य म्हणाला नाहीत. त्याऐवजी हात जोडलेत. एका बटणासाठी, हेडसरांपुढं, सगळ्या स्टाफसमोर. "सर, मी आजवर काई मागितलं नाई. खोली नाई मागितली, पंखा नाई मागितला. हे बटन राहू द्या." कुणाला काही कळेना. हेडसर गोंधळले आणि त्यांनी माझ्या ठरावावर काट मारली. माझ्या नोकरीत माझा ठराव पडला तो तेवढाच एक. पुढचे दोन महिने मी तुमच्याशी बोलले नाही. चहाला उठताना खुर्ची मुद्दाम आवाज करून सरकवायची.

त्याच वर्षी माझी ऋतुजा नववीत होती. आपल्याच शाळेत, तुमच्या माझ्या डोळ्यांसमोर.

ऋतुजाचे बाबा खाणीवर, त्यांच्या पाळ्या सतत बदलत्या, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही दोघीच. त्या वर्षी ती बोलेनाशी झाली. म्हणजे विचारलं तर उत्तर द्यायची, पण उत्तरापलीकडे एक शब्द नाही. घटक चाचणीत गणितात काठावर पास झाली. माझ्या विषयात, माझी मुलगी. मी तिला पहाटे पाचला उठवून शिकवायला बसवलं. ती बसायची. मी सोडवून दाखवायची, ती उतरवून घ्यायची. वय असतं, होईल ठीक, असं मी माझ्या मनाला सांगत होते.

आणि तिच्या खिशाचं बटण तुटायला लागलं.

शिस्तीच्या मॅडमची मुलगी, तिचं बटण नाही. चालेल कसं? माझ्या पर्समध्ये सुईदोरा कायम असतो, तुम्हाला माहीत आहे. मी दुहेरी दोरा घालते, चार टाके आडवे, चार उभे, खाली पक्की गाठ. मी लावलेलं बटण तुटत नाही, हे मी अभिमानानं सांगते. तिचं तुटायचं. सकाळी घरून लावून द्यावं तर पहिल्या तासाला नाही. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून तिथंच लावून द्यायची. ती माझ्यासमोर उभी राहायची, मान खाली, आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीवर. एक दिवस बटणासोबत खिशाचं कापडच फाटलं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "खेळतेस का त्याच्याशी? एवढी मोठी घोडी झाली." तुमच्यासमोर घातला.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमी नका लावू. तिले माह्याकडे पाठवा, मी लावून देतो न."

मी जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. रागात माझी उमरेडची बोली बाहेर पडते. "माह्या पोरीचं बटन लावाले मी मेली नाई अजून," मी म्हटलं. ऋतुजा आपल्या दोघींकडे पाहत होती.

पुढं काही दिवसांनी ती तुमच्याकडे गेली. बटण कुठं सापडेना, म्हणून नाइलाजानं मीच एकदा पाठवली. जाऊ लागली, वर्षभर गेली, दहावीतही जात राहिली. मला राहवलं नाही. एक दिवस मी तुमच्या त्या भट्टीत आले. बसायला लेझीमचं पोतंच होतं, त्यावर बसले आणि विचारलं, "माझी मुलगी तुमच्याकडे येऊन काय बोलते?"

"तिलेच विचारा न मॅडम."

"ती सांगत नाही."

"मंग थांबा थोडं."

"मी तिची आई आहे."

"म्हणूनच तं," तुम्ही म्हणालात. मग माझा चेहरा पाहून जरा मवाळ झालात. "तिच्या जिवाले काई धोका असता तं मी तुमच्या दारात येऊन उभी राहिली असती, बाप्पा. रात्री बारा वाजता आली असती. तसं नाई हाय. एवढं मी सांगू शकतो. बाकीचं तिचं हाय."

'तिचं हाय.' पोर माझी, नऊ महिने पोटात वाढवलेली, आणि तिच्या मनातलं मला सोडून तुमच्या स्वाधीन. मी उठून आले. त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतं बोलले, आणि तुम्ही रोज माझ्यासाठी चहाचा कप भरून ठेवत राहिलात, अर्धी साखर, जसा मला लागतो. तो कप मी पीत होते हे आठवून आज मला माझीच लाज वाटते.

ऋतुजा सावरली, हे मी नाकारत नाही. दहावीत चांगली पास झाली, पुढं शिकली, पुण्यात नोकरी लागली. दर रविवारी ती मला फोन करायची. "जेवलीस? बाबा कसे आहेत? बरं, ठेवते." चार मिनिटं. तुम्हालाही फोन करायची, हे मला शेवंताबाईंकडून कळलं. तुमच्याशी किती वेळ बोलायची ते मी विचारलं नाही.

तुम्ही गेल्याचा निरोप मीच तिला दिला. बस पकडून ती सकाळी नागपुरात पोचली, घरी न येता थेट तुमच्या घरी गेली. मी तिथं आले तेव्हा ती तुमच्या पायाशी बसून रडत होती. मी तिची आजी गेली तेव्हा तिला पाहिलं आहे, मॅडम. तेव्हा ती अशी रडली नव्हती. मला पाहून उठली, माझ्या गळ्यात पडेल म्हणून मी हात पुढं केले, आणि ती माझ्या बाजूनं निघून पाण्याच्या माठाकडे गेली. तुमच्या बहिणीनं ते पाहिलं. तुमच्याकडल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत ती थांबली. राहायला माझ्याकडे होती.

तुमची खोली रिकामी करायचं काम हेडसरांनी मला दिलं. कपाटात फाइली निघतील, नोंदी निघतील, असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, मी ऋतुजाची फाइल शोधत होते. एक कागद नाही निघाला. नावांची यादीसुद्धा नाही. शेवंताबाई म्हणाल्या, "मॅडम काई लिवतच नोत्या. अन् लिवलं तं दहावी झाल्यावर ज्याचं त्याले देऊन द्यायच्या." निघाला फक्त तो बिस्किटांचा डबा, बटणांनी शिगोशीग भरलेला. सगळी खिशाचीच, पांढरी, चार भोकांची.

तो डबा मी घरी आणला आणि जेवताना ऋतुजासमोर ठेवला. "बघ," म्हटलं, "एवढी बटणं तुटली आणि तुझ्या मेश्राम मॅडमनी खिशाला पट्टी लावू दिली नाही. का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही."

ऋतुजा डब्यात हात घालून बसली होती. म्हणाली, "आई, तुला अजून माहीत नाही?"

मग तिनं सांगितलं. खिशाचं बटण आपोआप तुटत नव्हतं. बोलायचं असलं की पोरं ते तोडायची. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, पहिलं कुणी तोडलं तेही कुणाला माहीत नाही, पण मोठ्या वर्गातून लहान वर्गात ते सांगितलं जायचं. बटण तुटलेलं असलं की खोलीत जायला कारण मिळायचं, कुणी मेंटल म्हणायचं नाही. तुम्ही काही विचारायच्या नाहीत. सुईत दोरा ओवायला तुम्हाला फार वेळ लागायचा, म्हणाली. चष्मा पुसायच्या, दोरा तोंडात धरायच्या, परत ओवायच्या. तेवढ्यात बोलायचं असेल त्यानं बोलावं. नाही बोललं तर बटण लावून परत पाठवायच्या.

"मी तोडायची आणि तू लावून द्यायचीस," ऋतुजा म्हणाली. "घरी लावून द्यायचीस. जिन्यात तोडलं तर स्टाफरूममध्ये लावून द्यायचीस. तुझं बटण तुटता तुटायचं नाही गं. शेवटी मी एक दिवस ते तोडून नाल्यात फेकलं, तुझ्या पर्समध्ये तसलं दुसरं नव्हतं, म्हणून तू मला तिकडं पाठवलंस. अकरा दिवस लागले मला."

अकरा दिवस. मी तिला विचारलं, "काय झालं होतं तुला?" ती डब्यातला हात काढून माझ्याकडे वळली. तिनं सांगायचं ठरवलं असं मला वाटलं. मग म्हणाली, "आई, तू आत्तासुद्धा कशी विचारतेस बघ." आणि ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली.

म्हणून हे भांडण आहे, मेश्राम मॅडम. तुम्हाला सगळं माहीत होतं. माझी मुलगी अकरा दिवस तुमच्यासमोर, माझ्यासमोर उभी होती, खिसा फाडून उभी होती, आणि मी सुई चालवत होते, आणि तुम्ही शेजारी बसून पाहत होता. एकदा म्हणालात, 'माह्याकडे पाठवा.' एकदाच. मी खेकसले आणि तुम्ही गप्प झालात. का? मला बाहेर नेऊन सांगायचं होतं. सांगितलं असतं तर मी फाटकाशी उभी राहून तुटक्या बटणांची यादी केली असती, असं तुम्हाला वाटलं असणार. प्रत्येकाच्या आईबापाला चिठ्ठी पाठवली असती, असं वाटलं असणार. बाकीच्या सगळ्या पोरांचा दरवाजा बंद झाला असता.

केली असती मी यादी. चिठ्ठ्याही पाठवल्या असत्या. हे मी तुम्हाला आज कबूल करते, आणि त्यामुळे तुमच्यावरचा राग तसूभरही कमी होत नाही. तुम्ही मला बरोबर ओळखलंत याचाच तर राग आहे. आणि माझ्या पोरीला ज्या वर्षी कुणीतरी लागत होतं त्या वर्षी तुम्ही होता, म्हणून तुमचे पाय धरावेत असं मला वाटतं, याचा त्याहून जास्त आहे. ती काय बोलली ते तुम्ही बरोबर घेऊन गेलात. आता विचारायला दार उरलं नाही, आणि जे उरलं आहे ते पुण्यात आहे आणि चार मिनिटांत फोन ठेवतं.

नवीन समुपदेशक जूनमध्ये येतील. तोवर मधल्या सुट्टीत तुमच्या खोलीत कुणीतरी बसावं म्हणून हेडसरांनी माझंच नाव काढलं. मला नाही म्हणता आलं असतं. डबा परत नेऊन ठेवला आणि बसले.

तिसऱ्या दिवशी नववीतली एक मुलगी दारात आली. बटण मुठीत. मला पाहून मागे सरली. मी म्हटलं, "ये. काय झालं?"

"काई नाई मॅडम. बटन तुटलं."

मी घेतलं आणि लावून दिलं. दुहेरी दोरा, चार आडवे, चार उभे, खाली गाठ. हात सवयीनं चालतात, दोन मिनिटांत झालं. "आणखी काही?" मी विचारलं. ती नाही म्हणाली आणि गेली. गेल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. या वेळी बटणाबरोबर कापडही फाटलं होतं, चांगलं बोटभर. दुहेरी दोऱ्याचं बटण ओढायला तिला किती जोर लावावा लागला असेल. ती खाली मान घालून उभी होती, धपाटा बसेल अशी.

मी तिला पोत्यावर बसवलं. चष्मा काढून पुसला. सुई उजेडाकडं धरली, तुमच्या खोलीत उजेड कुठला, तरी धरली. दोरा तोंडात घेतला, ओवला, मुद्दाम चुकवला, परत ओवला. काहीही विचारलं नाही. मॅडम, मला न विचारता बसणं किती जड गेलं हे तुम्हाला कळणार नाही. सहाव्यांदा की सातव्यांदा दोरा चुकला तेव्हा ती बोलायला लागली.

ती काय बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा तिचं बोलणं अर्धंच झालं होतं. मी आधी फाटकं कापड आतून रफू केलं, ते पक्कं केलं. मग बटण लावलं, एकेरी दोऱ्यानं, दोनच टाके, आणि खाली गाठ मारली नाही.